तलावाचे नियम: लेकरांना, आईबापांना आणि क्लबलाही



नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. नागपुरात त्या दिवसांत सकाळी चांगलीच थंडी असते. भाचीला सोडायला आम्ही साडेसहाच्या बॅचला जलतरण तलावावर गेलो होतो. अर्धा तास झाला असेल. आमच्याच वस्तीतला सातवीतला एक मुलगा पाण्यातून बाहेर आला, काठावरच्या बाकावर बसला आणि दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन रडू लागला. सरांना वाटले, पायात गोळा आला. त्यांनी पाय सरळ करायला घेतला तर पोरगा किंचाळला.

आम्ही अठरा वर्षे वॉर्डात नर्स म्हणून काढली आहेत. हे दुखणे गोळ्याचे नाही, हे त्याच्याकडे पाहूनच कळत होते. दोन्ही पाय, पाठ, दंड, सगळीकडची हाडे ठणकत होती. आम्ही त्याच्या कानाशी जाऊन विचारले, "बाळा, तुला सिकलसेल आहे का?" त्याने मान हलवली आणि लगेच म्हणाला, "पण सरांना नका सांगू."

अंग कोरडे केले, दोन स्वेटर चढवले, कोमट पाणी पाजले आणि रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेले. चार दिवस सलाईन आणि दुखण्याची औषधे चालली. पोरगा बरा झाला. त्याची आई धुणीभांड्याचे काम अर्धवट टाकून धावत आली होती. आम्ही तिला विचारले, फॉर्मवर आजार का नाही लिहिला? ती म्हणाली, "बाई, सांगतलं असतं तं पोराले काढून टाकलं असतं त्यायनं. कितीक दिवसानं नंबर लागला होता त्याचा."

संध्याकाळी सर दवाखान्यात आले. ते एवढेच म्हणाले, "मला कळलं असतं तर मी त्याला थंडीत पाण्यात उतरवलंच नसतं. उन्हाळ्याच्या बॅचला घेतलं असतं."

आई घाबरली म्हणून बोलली नाही. सरांना कळले नाही म्हणून त्यांनी उतरवले. मधल्या मधे पोराच्या जिवावर बेतले. म्हणून या महिन्यात आरोग्याच्या पानावर तलावावरच्या वागणुकीविषयी लिहितो आहोत. लेकरांनी कसे वागावे, आईबापांनी कसे वागावे, आणि क्लबने आपल्याशी कसे वागावे.

भीती कुठून आली

त्या आईची भीती उगाच नव्हती. त्याच्या महिनाभर आधी तलावाच्या गेटवरच्या माणसाने आपल्या वस्तीतल्या मुलांना वेगळे उभे केले होते. "तुम्ही आधी आंघोळ करा, पाणी खराब होते," असे तो म्हणाला. मोटारीतून आलेली मुले मात्र तशीच आत गेली. आपली मुले गप्प राहिली. घरी आल्यावर एक मुलगी आईला म्हणाली, "आपण घाण असतो का?"

आम्ही पाच आया, दोन बाप आणि आम्ही स्वतः क्लबच्या चिटणीसांकडे गेलो. आवाज चढवला नाही. एकच प्रश्न विचारला: आंघोळीचा नियम आहे की नाही? ते म्हणाले, "आहे, सगळ्यांनाच आहे." आम्ही म्हणालो, मग सगळ्यांनाच लावा. दुसऱ्या दिवसापासून गेटवरचा माणूस शॉवरजवळ उभा राहू लागला आणि प्रत्येक मूल भिजल्याशिवाय आत सोडेना.

नियम चुकीचा नव्हताच. पोहण्याआधी आंघोळ करायलाच हवी. अंगावरचा घाम, तेल, पावडर आणि पाण्यात केलेली लघवी यांचा पाण्यातल्या क्लोरीनशी संयोग होतो. त्यातून जो पदार्थ तयार होतो त्याने डोळे चुरचुरतात, खोकला येतो आणि तो उग्र वास सुटतो. पुष्कळांना वाटते, वास जास्त म्हणजे पाणी जास्त स्वच्छ. खरे तर उलट आहे. वास जास्त म्हणजे क्लोरीन घाणीशी झगडण्यात खर्च झाले आहे. हा घाम मोटारीतून आलेल्या मुलालाही येतो आणि बसने आलेल्या मुलालाही येतो.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या पाठोपाठ ओंजळीने पाणी प्यालेल्या माणसांची आपण नातवंडे-पतवंडे. पाण्याच्या काठावरचा भेदभाव आपल्याला लगेच ओळखू येतो. पण तेवढ्यानेच भागत नाही. नियम कोणता आणि अपमान कोणता, हेही आपल्याला ओळखता आले पाहिजे. सगळ्यांना सारखा लागतो तो नियम, आणि तो आपण इतरांपेक्षा चोख पाळायचा. फक्त आपल्याला लावला जातो तो अपमान, आणि त्याविषयी मोठ्या माणसांनी जाऊन विचारायचे. मुलांना पुढे करायचे नाही.

पोहायला पाठवायचेच कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतली जवळपास निम्मी तिशीच्या आतली होती, आणि दहातले नऊपेक्षा जास्त मृत्यू गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरे नदीवर, विहिरीवर, खदानीच्या पाण्यात जातात. तिथे शिट्टी वाजवणारा कोणी नसतो. तलावात शिकलेले मूल निदान पाण्यावर तरंगू शकते आणि खोलीचा अंदाज घेऊ शकते.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे सैनिक. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमधले ते भारताचे पहिले सुवर्णपदक. अधू झालेल्या शरीरालाही पाणी किती आधार देते, हे यावरून कळावे. मात्र त्या आधारासाठी पाण्याची शिस्त पाळावी लागते.

लेकरांनी काय पाळायचे

काठावर धावायचे नाही. ओल्या फरशीवर पाय घसरून डोक्याला खोक पडलेली मुले आम्ही वॉर्डात टाके घालताना पाहिली आहेत.

उथळ बाजूला सूर मारायचा नाही. डोके तळाला आपटले तर मानेचा मणका मोडतो आणि हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. सरांनी सांगितलेल्या खोल जागेवरूनच सूर मारायचा, तोही खाली कोणी नाही हे पाहून.

लेनमध्ये सर सांगतील त्याच बाजूने जायचे आणि दुसऱ्या बाजूने परत यायचे. मधेच थांबायचे नाही. दम लागला तर भिंतीपर्यंत जाऊन कोपऱ्यात सरकायचे, म्हणजे मागून येणाऱ्याला वळायला जागा मिळते. लेनच्या दोरीला लटकायचे नाही. दुसऱ्याचे पाय ओढणे, डोके पाण्याखाली दाबणे ही मस्करी नाही. घाबरलेल्या मुलाच्या छातीत पाणी जायला दोन क्षण पुरतात.

"पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो" ही पैज लावायची नाही. आधी भराभर मोठे श्वास घेऊन मग श्वास कोंडला, तर शरीराला हवेची गरज वेळेवर कळत नाही आणि मूल पाण्याखालीच बेशुद्ध होते. चांगली पोहणारी मुलेसुद्धा अशी गेली आहेत.

लघवीला जायचे तर सरांना सांगून बाहेर यायचे. सर अशा मुलाला रागावत नाहीत. न सांगता गेलेल्या मुलाला मात्र ते पाण्यात शोधत बसतात.

जुलाब लागले असतील तर त्या दिवशी तलाव बंद. काही जंतू क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जिवंत राहतात आणि एका मुलाचे जुलाब सगळ्या बॅचला होतात. अंगावर उघडी जखम, पुवाच्या पुळ्या, आलेले डोळे, वाहणारा कान असेल तर बरे होईपर्यंत घरी थांबायचे. पोहून आल्यावर डोके एकेका बाजूला झुकवून कानातले पाणी काढायचे आणि फडक्याने बाहेरून पुसायचे. कानात काडी, पिन, तेल काहीही घालायचे नाही.

नवीन मुलाला हसायचे नाही. कोणाकडे जुनी चड्डी असेल, कोणाला गॉगल नसेल, कोण पाण्याला घाबरत असेल. आपल्या लेकरांना कोणी हसले तर किती लागते हे आपल्याला माहीत आहे. म्हणून आपल्या लेकरांनीही कोणाला हसता कामा नये.

आईबापांनी काय पाळायचे

तलावावर दोन तऱ्हेचे पालक आम्ही पाहतो. एक गेटबाहेर खाली मान घालून उभे राहतात आणि काहीच विचारत नाहीत. दुसरे कठड्यावरून ओरडत राहतात: "हात मार! त्याच्या पुढे जा!" दोन्हींनी मुलाचे नुकसान होते.

पाण्यात मुलाने एकाच माणसाचे ऐकायचे असते, ते म्हणजे सरांचे. तुमचा आवाज आला की मूल मान वर काढते, श्वास चुकतो आणि नाकातोंडात पाणी जाते. पाहायचे तर गप्प बसून पाहा. काही विचारायचे असेल तर बॅच संपल्यावर, मूल कपडे बदलायला गेल्यावर विचारा. मुलासमोर सरांशी भांडलात तर दुसऱ्या दिवशी ते मूल सरांचे ऐकत नाही, आणि पाण्यात न ऐकणे महागात पडते.

शर्यतीत मूल मागे राहिले म्हणून मारू नका, घालूनपाडून बोलू नका. एका बापाने घड्याळ हातात धरून मुलीला सगळ्यांदेखत विचारले, "एवढे पैसे कायले भरतो मी?" त्यानंतर ती मुलगी शर्यतीच्या दिवशी पोटात दुखते म्हणू लागली. पोटात काही नव्हते. मूल परत आल्यावर एवढेच विचारा: मजा आली का, नवीन काय शिकलास, भूक लागली का?

वेळेवर सोडा आणि वेळेवर घ्यायला या. तुम्ही येईपर्यंत मूल कोणाजवळ थांबेल हे आधी ठरवा. लहान मुलांसोबत घरातले एक मोठे माणूस काठावर असू द्या, आणि त्या माणसाने मोबाइल खिशात ठेवावा. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे हात हलवत ओरडत नाही. श्वासच मिळत नसतो, तर ओरडणार कसे? ते उभ्या उभ्या, आवाज न करता खाली जाते.

पोहण्याआधी भरपेट जेवण नको. दीडदोन तास आधी हलके काही द्या. पोहून झाल्यावर केळ, उकडलेले अंडे, फुटाणे, शेंगदाणे, भाजीपोळी यातले जे घरात असेल ते चालते. महागडी पावडर लागत नाही. पाण्याची बाटली मात्र रोज द्या, कारण पाण्यातही घाम येतो आणि तहान कळत नाही.

मुलगी वयात आली की पुष्कळ घरांत पोहणे बंद होते. तसे करू नका. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख मिळतो. पाळीच्या दिवसांत पॅड पाण्यात निरुपयोगी असते. आत बसवायचा कप किंवा टॅम्पॉन वापरून पोहता येते, नाहीतर ते दिवस सुट्टी घ्यावी. मुलीने "सर, आज नाही" एवढे म्हटले की पुरे. सगळ्यांसमोर कारण विचारायचा अधिकार कोणालाही नाही.

आजार लपवू नका

सिकलसेल विदर्भात आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजात इतरांपेक्षा जास्त आढळतो. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. थंड पाण्यात कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, वाकड्या पेशी तिथे अडकतात आणि हाडे ठणकू लागतात. पाणी कमी प्याले, खूप दमले, तरी तेच होते. त्या मुलाला तेच झाले होते.

रिपोर्टवर "एसएस" असेल तर ते मूल सिकलसेलचे रुग्ण आहे. त्याने डॉक्टरांना विचारूनच पोहावे. पाणी ऊबदार असावे, थोडा वेळच पोहावे, मधे मधे पाणी प्यावे, बाहेर येताच अंग कोरडे करून गरम कपडे घालावेत. "एएस" असेल तर ते मूल वाहक आहे. ते सहसा इतर मुलांसारखे पोहू शकते, पण त्यानेही भरपूर पाणी प्यावे आणि दम लागला की थांबावे. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ज्यांच्या घरी कोणाचीच तपासणी झाली नसेल त्यांनी मुलांना तलावावर पाठवण्याआधी ती करून घ्यावी.

आकडी येणाऱ्या मुलाचेही तसेच. औषधाने आकडी ताब्यात असेल आणि डॉक्टरांनी होकार दिला असेल तर ते पोहू शकते, पण त्याच्यावर एका माणसाची सतत नजर हवी. ते सरांना माहीत नसेल तर नजर ठेवणार कोण? दम्याच्या मुलाचा पंप घरी कपाटात नको, काठावर सरांच्या हाताशी हवा. कानाचा पडदा फाटलेला असेल, हृदयाचा त्रास असेल, तेही लिहा. फॉर्ममधला आजाराचा रकाना मुलाला काढून टाकण्यासाठी नसतो. आणि कोणी तसे केलेच, तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आपण मिळून जाऊ.

क्लबने काय पाळायचे

आपण पैसे भरतो, नियम पाळतो, तेव्हा काही गोष्टी मागायचा आपल्यालाही हक्क आहे. मुले पाण्यात असताना जीवरक्षक काठावर हजर हवा, चहाच्या टपरीवर नको. पाण्यातले क्लोरीन आणि पीएच रोज तपासून फळ्यावर लिहिलेले हवे. क्लोरीन निदान १ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा. पाण्याचा तळ काठावरून स्पष्ट दिसला पाहिजे. तळ दिसत नसेल तर मुलाला उतरवू नका, कारण खाली गेलेले मूलही दिसणार नाही.

कपडे बदलण्याच्या खोलीत मुलगे आणि मुली वेगळे हवेत. तिथे मोबाइल नको, फोटो नको. कोणत्याही सरांनी किंवा मॅडमनी एकट्या मुलाला बंद खोलीत नेऊ नये. शिकवताना हात धरावा लागतो, पोटाखाली आधार द्यावा लागतो, तो सगळ्यांच्या नजरेसमोर आणि सांगून द्यावा. मुलांना घरी शिकवून ठेवा: कोणी नको तिथे हात लावला, "घरी सांगू नको" म्हटले, तर त्याच दिवशी घरी सांगायचे. मूल सांगेल तेव्हा आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. क्लबची अब्रू जाईल म्हणून तो दाबता येत नाही. १०९८ या चाइल्डलाइनवर फुकट फोन करता येतो.

आणि रागावणे सारखे हवे. दोन मुलांनी एकच खोडी केली तर शिक्षाही एकच. जातीवरून, वस्तीवरून, रंगावरून एक शब्दही चालणार नाही.

कोणी बुडाले तर

पोहता येत नसेल तर उडी मारू नका. बांबू, साडी, दोरी पुढे करा. रिकामा बंद कॅन फेका. बाहेर काढल्यावर मुलाला उलटे टांगू नका, पोट दाबू नका, गरगर फिरवू नका. त्यात वेळ जातो आणि पोटातले पाणी फुप्फुसात जाऊ शकते. हाक मारून प्रतिसाद आणि श्वास पाहा. एकाला १०८ वर फोन करायला सांगा. श्वास नसेल तर डोके किंचित मागे करून, नाक दाबून, तोंडाने ५ श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाबा, पुन्हा २ श्वास, पुन्हा ३० वेळा. दाब छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका खोल आणि वेग मिनिटाला १०० ते १२०. मदत येईपर्यंत थांबू नका. मूल शुद्धीवर आले तरी दवाखान्यात न्याच, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

पुढे काय झाले

क्लबने हे नियम आता एका कागदावर लिहून गेटवर लावले आहेत: मुलांसाठी, पालकांसाठी, क्लबसाठी, तीन रकाने. खाली तिघांच्या सह्या घेतात. त्या मुलाने थंडीभर सुट्टी घेतली आणि एप्रिलमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन संध्याकाळच्या बॅचला परत आला. त्याच्या रिपोर्टची प्रत सरांच्या वहीत चिकटवलेली आहे. दर पंधरा मिनिटांनी सर शिट्टी वाजवतात आणि तो बाहेर येऊन पाणी पितो. आधी तो एकटाच यायचा. आता सगळी बॅच बाहेर येऊन पाणी पिते, कारण सरांना वाटले, नियमच करायचा तर सगळ्यांना करावा.

तुमच्या मुलाचा तलावाचा फॉर्म भरायचा असेल आणि आजाराच्या रकान्यात काय लिहावे कळत नसेल, तर फॉर्म आणि दवाखान्याचे कागद घेऊन रविवारी सकाळी विहारात या. आम्ही तिथे असतो. सोबत बसून भरू.